बिअर्डीला शी होत नव्हती, आता मागून लालसर मांस बाहेर आलंय, अर्जंट मदत हवी

कुंपणापर्यंत
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे बघू नका. माझ्याकडे बिअर्डेड ड्रॅगन (बिअर्डी, पाळतात तो सरडा) आहे, दीडेक वर्षाचा, नाव गुंड्या. नर आहे असं घेताना सांगितलं होतं. आठवड्याच्या वर झालं त्याने शी केली नाहीये, पोट जरा टम्म दिसत होतं म्हणून कोमट पाण्यात बसवत होतो, त्याने काही झालं नाही. खाणं पण कमी केलंय, गळ्याखालची दाढी सतत काळी करून बसतो. आज सकाळी शेपूट उचलून जोर करत होता आणि बघतो तर मागच्या भोकातून लाल गुलाबी ओलसर गोळा बाहेर आलाय, मोठ्या वाटाण्याएवढा असेल. शी नाहीये ती, मांसच आहे. रक्त अगदी थोडं.

सेटअप सांगतो: काचेची टाकी, खाली कॅल्शियमवाली वाळू, वर हीट बल्ब, यूव्हीबीचा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) पिळदार छोटा बल्ब. काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर ३८ दाखवतो. खायला सुपरवर्म (मोठ्या अळ्या) जास्त, पालेभाजी समोर ठेवली तर तोंड फिरवतो.

एक्झॉटिकवाल्या (सरडे-पक्षी असले वेगळे प्राणी बघणाऱ्या) डॉक्टरांची उद्या दुपारची वेळ मिळालीय. तोपर्यंत काय करू? एका व्हिडिओत बोटाने आत ढकलताना दाखवलंय, करू का तसं? घरचे म्हणतात हात लावू नकोस, आपोआप जाईल आत.

पालीची_मावशी
ढकलू नकोस. आणि आपोआप जाईल म्हणून बसू पण नकोस. याला प्रोलॅप्स म्हणतात, आतला अवयव बाहेर आलाय, तो आत राहायला बनलाय त्यामुळे हवेत सुकायला लागतो आणि सुजला की आत जायची वाट अजून अरुंद होते. काही तासांत तो भाग काळा पडू शकतो आणि मग डॉक्टरला कापावा लागतो. म्हणजे उद्या दुपार नाही, आजच. आत्ता फोन लाव आणि "अपॉइंटमेंट" हा शब्द वापरू नकोस, "प्रोलॅप्स झालाय, अर्धवट बाहेर आहे" असं सांग, बहुतेक ठिकाणी मधे घेतात. तेही नाही जमलं तर कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे जा, ते एक्झॉटिकवाल्याशी फोनवर बोलून निदान तेवढ्यापुरतं सांभाळू शकतात.

तोवर हे कर. आधी वाळूतून बाहेर काढ, लगेच, कारण कण त्या ओल्या मांसाला चिकटतात. साध्या डब्यात गुळगुळीत पेपर टॉवेल ओला करून अंथर, त्यावर ठेव. कापूस नको, त्याचे धागे चिकटून बसतात. बाहेर आलेल्या भागावर सलाइन ओत, तेच जखम धुवायचं, नसेल तर स्वच्छ कोमट पाणी. वाळू लागली असेल तर ओतूनच काढायची, पुसायचं नाही. मग साखर पाण्यात विरघळेल तितकी विरघळवून घट्ट पाणी कर, त्यात मऊ कापडाची घडी भिजवून त्या भागावर हलकेच १०-१५ मिनिटं ठेव. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते, गोळा लहान होतो, कधीकधी तेवढ्यानेच आत सरकतो. नंतर सलाइनने धुवून साधी पाण्याची जेली लाव, ती वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट मिळते ना ती, वास, औषध, गरम-गार वाटणारं काही घातलेली नको. डॉक्टरकडे पोचेपर्यंत तो भाग सारखा ओला राहिला पाहिजे, बाकी सगळं दुय्यम.

चिमटा नाही, ओढणं नाही, हळद-बिळद, अँटिसेप्टिक, तुरटी काही नाही. हीट बल्बखाली पण नको, सुकेल. खोली ऊबदार असली की पुरे. डब्यात किडे सोडू नकोस, ते त्या मांसाला चावतात. खायला काही देऊ नकोस.

आत सरकला तरी डॉक्टरकडे जायचंच आहे, कारण ज्याच्यामुळे तो जोर करत होता ते अजून आतच आहे.

शेपूटवाला
मावशींनी सांगितलं तेच करा. एक विचारतो, गोळा नेमका कुठून आलाय, मधून का एका बाजूने? आणि टोकाला भोक दिसतंय का? फोटो काढून ठेवा, डॉक्टरला पण उपयोगी पडेल, कारण वाटेत आत गेला तर त्यांना दिसणार नाही काय होतं.

विचारायचं कारण असं की त्या एकाच भोकातून तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी बाहेर येऊ शकतात. नराला दोन हेमिपेनिस (लिंगं) असतात, शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना आत दडलेले, त्यातला एखादा बाहेर येऊन अडकतो, तो भरीव असतो, टोकाला पोकळी नाही. आतड्याचा शेवटचा भाग असेल तर गुळगुळीत नळीसारखा, टोकाला भोक, कधी त्यातून शी पण येते. मादीत अंडनलिका येऊ शकते, तिला लांब लांब घड्या असतात. फरक यासाठी महत्त्वाचा की हेमिपेनिस फारच खराब झाला तर काढून टाकता येतो, जनावराला लघवीची वगैरे काही अडचण येत नाही कारण लघवीचा रस्ता त्यातून नसतोच. आतडं किंवा अंडनलिका असेल तर प्रकरण गंभीर. हे नक्की डॉक्टरनेच ठरवायचं, फोटोवरून आम्ही सांगितलेलं धरून चालू नका.

आणि "नर आहे असं सांगितलं होतं" यावर माझा काडीचा विश्वास नाही :) लहानपणी सांगितलेलं लिंग पुष्कळदा उलटं निघतं. मादी असेल आणि पोट टम्म असेल तर अंडी पण असू शकतात, नर जवळ नसला तरी अंडी होतात. तेव्हा एक्स-रे काढायला सांगा, त्यात कळेल.

बेडूकराव
एवढं घाबरवू नका हो त्या पोराला. ऑलिव्ह ऑइलचे दोन थेंब तोंडात आणि गरम पाण्यात अर्धा तास, पोट चोळायचं, मोकळं होतं. माझ्याकडच्या सगळ्यांचं असंच होतं आणि डॉक्टर बघावा लागलेला नाही.

पालीची_मावशी
बेडूकराव, साध्या बद्धकोष्ठाला कोमट पाणी मी पण सांगते, पण इथे मांस बाहेर आलंय, आता पोट चोळलं तर अजून बाहेर येईल. आतली शी दगडासारखी असेल तर दाबून उपयोग नाही, आतड्याला इजा होते.

आणि तेल पाजायच्या मी पूर्ण विरोधात आहे. सरड्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडं असतं, धडपडणाऱ्या जनावराच्या तोंडात तेल घातलं की ते फुप्फुसात जायला वेळ लागत नाही आणि तेलाचा ठसका लागत नाही, ते गुपचूप जातं. मग न्यूमोनिया. तेच द्रव पॅराफिनचं, तेच माणसांच्या जुलाबाच्या औषधांचं. वाट पूर्ण बंद असताना आतड्याला जबरदस्ती कामाला लावलं तर ते फाटू शकतं.

नवशिका_०७
माझा पण ४ दिवस शी करत नाहीये 😟 त्याला पण हे होणार का?

शेपूटवाला
@नवशिका_०७ मोठा असेल, खातोय पितोय, फिरतोय, तर ४ दिवस काही विशेष नाही. लहान पिल्लं रोज करतात, मोठे दोनतीन दिवसांनी, काही आठवड्यातून एकदाच. थंडीत सुस्तावून झोपतात तेव्हा तर खाणंपिणं आणि शी सगळंच बंद असतं. दिवस मोजण्यापेक्षा जनावर बघा: जोर करतोय पण काही येत नाही, पोट एका जागी कडक लागतंय, खाल्लेलं उलटतंय, मागचे पाय ओढतोय किंवा थरथरतायत, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. मागच्या पायांचं लगेच दाखवावं, ते नुसत्या बद्धकोष्ठाचं लक्षण नसतं, कणा किंवा कॅल्शियम पण असू शकतं. नवीन धागा काढा, इथे याचं राहू दे.

कुंपणापर्यंत
मावशी, फोन केला, तुम्ही सांगितलं तसंच बोललो, आजच बोलावलंय, निघतोय. साखरेच्या पाण्याची घडी ठेवली होती, गोळा थोडा लहान झालाय पण आत गेला नाही. मधूनच आलाय आणि टोकाला बारीक भोक दिसतंय. फोटो काढलेत. जेली लावून डब्यात ठेवलाय. अजून काही न्यायचं का बरोबर?

पालीची_मावशी
शी असेल तर ती. नसेलच तुझ्याकडे, पण टाकीत जुनी सुकलेली सापडली तरी उपयोग नाही, ताजी लागते. टाकीचे आणि दिव्यांचे फोटो घे, बल्बचं खोकं असेल तर ते पण, डॉक्टर विचारतीलच. डबा कुशीत धरून ने म्हणजे थंडी वाजणार नाही. जा आता, फोन बाजूला ठेव.

कुंपणापर्यंत
आलो परत. लांबलचक लिहितोय, सॉरी.

तर तो आतड्याचा शेवटचा भागच होता. लालच होता, काळा पडलेला नव्हता, म्हणून वाचला असं डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. भूल दिली, धुतलं, जेली लावलेल्या कापसाच्या काडीने हळूहळू आत घातलं आणि व्हेंटच्या (मागच्या भोकाच्या) दोन्ही बाजूंना एकेक टाका घातलाय, मधे जागा ठेवलीय शी यायला. एक्स-रेमध्ये मोठ्या आतड्यात पांढराफटक ढीग दिसत होता, मला वाटलं हाडं आहेत, त्या म्हणाल्या ही तुमची कॅल्शियमची वाळू. अंडी नाहीत, नर आहे (शेपूटवाला दादा, हरलात 😄). कोमट सलाइनचा एनिमा त्यांनी तिथेच दिला आणि बराच वेळाने एक भलीमोठी कडक, वाळूने भरलेली शी आली, त्यातलंच तपासलं तर पिनवर्म पण भरपूर निघाले. त्वचेखालून पाणी दिलं, वेदनाशामक आणि जंताचं औषध दिलंय, हाडं जरा विरळ दिसतायत म्हणून कॅल्शियम पण.

आता प्रश्न. एक, वाळू खाल्ली कशाला त्याने? खायला पोटभर देत होतो. दोन, डॉक्टर म्हणाल्या तापमान आणि यूव्हीबी नीट करा नाहीतर परत होईल, पण काट्यावर तर ३८ दाखवतो! तीन, अजून वाळू असेल आत तर?

शेपूटवाला
हरलो तर हरलो, गुंड्या वाचला ना :)

वाळूचं आधी. "कॅल्शियमची आहे, खाल्ली तरी पचते" म्हणून विकतात तीच तिच्यातली गोम. कॅल्शियम कमी पडलेलं जनावर ती चव घेऊन मुद्दाम चाटतं, आणि एकदम एवढा चुना पोटातल्या ॲसिडने विरघळत नाही, ओला झाला की घट्ट बसतो. अक्रोडाच्या कवचाचा चुरा त्याहून वाईट, त्याला धारदार कडा असतात. सुपरवर्म वाळूत पळाला की त्याच्यामागे तोंडभर वाळू जाते ती वेगळी.

आता काही लोक म्हणतील की ऑस्ट्रेलियात हे वाळूतच राहतात. राहतात, पण तिथली जमीन बरीचशी घट्ट वाळू-माती-गोटे अशी असते, पिशवीतली भुसभुशीत नाही, आणि तिथे त्यांना भरपूर ऊन मिळतं. तब्येतीने ठणठणीत, नीट तापलेलं मोठं जनावर थोडीफार माती शीतून बाहेर टाकतं, मी स्वतः माती-वाळू मिसळून ठेवलेले सुदृढ ड्रॅगन बघितलेत. त्यामुळे "वाळू म्हणजे मरण" असं मी म्हणणार नाही. पण लहान, आजारी किंवा ज्याला एकदा हे झालंय अशाला नाही. गुंड्याला पेपर टॉवेल, पुढे हवं तर फरशीचा तुकडा, खडबडीत असली की नखंपण झिजतात.

खरी गोष्ट तापमानाची. यांच्या पोटातलं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. बास्किंगच्या (दिव्याखाली अंग शेकायच्या) जागेचा पृष्ठभाग मोठ्यासाठी ३८ ते ४२ डिग्री हवा, थंड बाजू २४ ते २९, रात्री विसाच्या आसपास चालतं. त्याखाली अन्न तसंच पडून राहतं, पाणी शोषलं जातं, शी सुकत जाते. आणि तुमचा काट्याचा थर्मामीटर काचेवर चिकटवलाय, तो काचेजवळची हवा मोजतो, तीही धड नाही. गुंड्या ज्या दगडावर बसतो तिथलं किती आहे? इन्फ्रारेड टेंपरेचर गन घ्या, दगडावर रोखा आणि बघा. हवेसाठी प्रोबवाला डिजिटल. तापमान कमी निघालं तर बल्ब जास्त वॉटचा लावा किंवा दगड उंच करा, पण अंतर इतकं कमी नको की पाठ भाजेल. गरम होणारे दगड मिळतात ते नको, पोट भाजतं आणि त्यांना वेळेत कळत नाही.

कुंपणापर्यंत
गन मिळाली एका मित्राकडून. दगडावर ३१!! काचेवरचा काटा अजूनही ३८ वरच, टाकीतला दिवा बंद केला तरी ३८, म्हणजे अडकलेलाच आहे तो 🤦

पालीची_मावशी
हं. त्या काट्यांचं हे नेहमीचं आहे, दे फेकून.

आता यूव्हीबी. पिळदार छोटा बल्ब एका टिचभर जागेत उजेड पाडतो, बिअर्डीला टाकीच्या अर्ध्यापेक्षा जास्त लांबीची ट्यूब लागते, टी५ हाय आउटपुट (बारीक, जास्त ताकदीची), १० किंवा १२ टक्केवाली, आणि ती बास्किंगच्याच बाजूला. ट्यूब आणि जनावराच्या मधे काच, प्लॅस्टिक काही नको, यूव्हीबी त्यातून जवळपास जातच नाही. म्हणून खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा पण या कामाला उपयोग नाही, ऊब मिळते तेवढीच. बारीक जाळीने पण बराच कमी होतो, अंतर त्या हिशोबाने ठेव. दिसणारा उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी विझत जातो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, ट्यूब बदलायची.

याचा शी होण्याशी काय संबंध असं वाटेल. यूव्हीबी नाही तर डी३ जीवनसत्त्व नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियम नुसतं हाडांसाठी नसतं, स्नायू आवळायला लागतं. आतडं म्हणजे स्नायूच. ते ढिलं पडलं की शी पुढे सरकत नाही, जनावर पोटाने जोर लावतं, व्हेंटच्या स्नायूतही जोम नाही, मग आतलं बाहेर. तुझ्या डॉक्टरांनी हाडं विरळ दिसली सांगितलं ना, ते आणि हे एकाच माळेचे मणी आहेत. वाळू, थंडी, कॅल्शियम, जंत, सगळ्यांनी मिळून केलंय हे, एकट्या वाळूला फाशी देऊ नकोस.

जंतांचं: थोडे पिनवर्म बऱ्याच जणांत असतात आणि डॉक्टर कधी औषध देतातही नाहीत, पण भरपूर झाले की जोर करायला लावतात. औषध वजनावर असतं, म्हणून छोटा वजनकाटा घेऊन ग्रॅममध्ये वजन लिहीत जा. दिलेला कोर्स पूर्ण कर आणि नंतर ताजी शी परत तपासायला ने, हवाबंद पिशवीत, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत. फ्रिजमध्ये ठेवताना घरच्यांना सांग बाबा.

कुंपणापर्यंत
सांगतो 😂 खायला काय आणि कधी द्यायचं? टाके आहेत तोवर पाण्यात बसवायचं का? बेडूकराव म्हणतात तसं?

पालीची_मावशी
खायला कधी सुरू करायचं हे डॉक्टरांनी सांगितलं असेल ते पाळ, विसरला असशील तर फोन कर. माझा अंदाज आधी मऊ आणि पातळ, थोडं थोडं. बिनसाखरेचा उकडून कुस्करलेला लाल भोपळा बऱ्याच जणांना चालतो. जबरदस्तीने सिरिंज तोंडात कोंबू नकोस, नाकावर थेंब ठेव, चाटतो. किडे सुरू झाले की डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नाही. सुपरवर्म कधीतरीच, रोजचे नकोत, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मऊ असतात आणि कॅल्शियम चांगलं. बाकी किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरून द्यायची, किती वेळा ते डॉक्टर सांगतील कारण त्याला आत्ता औषधातून पण चाललंय. पालेभाजीला तोंड फिरवतो कारण त्याला माहितीये थोड्या वेळाने सुपरवर्म येणार. सकाळी भूक असताना फक्त पाला ठेव, किडे नंतर. पाल्यावर पाणी शिंपडून दे, तेवढंच पाणी पोटात.

पाण्यात बसवणं टाके असेपर्यंत डॉक्टरला विचारूनच. नंतर हरकत नाही: ३२ ते ३५ डिग्री, मोजून, खांद्याच्या खालीच राहील इतकं उथळ, १५-२० मिनिटं, आणि तू तिथेच बसायचं. पाण्यात शी केली की लगेच पाणी बदल, ते पितात.

बेडूकराव
मुद्दा पटला मावशी, तेलाचा. श्वासनळीचं ते माहीत नव्हतं. पाण्याचं मात्र मी सोडणार नाही.

पालीची_मावशी
पाणी सोडा असं कोण म्हणतंय, मी तेल सोडा म्हणतेय :)

शेपूटवाला
उरलेल्या वाळूचं राहिलं सांगायचं. तापमान नीट झालं आणि अंगात पाणी आलं की पुढच्या काही शींमध्ये वाळू दिसत राहील, ते चांगलंच आहे. शीबरोबरचा पांढरा युरेट भाग (त्यांची घट्ट लघवी) बघत जा, मऊ पांढरा असला तर पाणी पुरेसं, पिवळा-केशरी खडूसारखा असला तर पाणी कमी पडतंय. डॉक्टर बहुतेक परत एक्स-रे काढून बघतील.

टाके मात्र रोज बघा. शी अडतेय, टाक्याजवळ सूज, घाण वास, काळपट रंग, किंवा मांस पुन्हा डोकावतंय, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. टाके काढल्यावर सुरुवातीला परत होण्याची शक्यता असते, तेव्हा जेली आणि सलाइन घरात असू द्या. वारंवार झालं तर आतडं आतून पोटाच्या भिंतीला शिवून टाकायचं ऑपरेशन असतं, पण तो पुढचा विषय, बहुतेकांना लागत नाही.

कुंपणापर्यंत
ट्यूब मागवलीय, बल्ब बदलला, दगड उंच केला, आता गनवर ४० येतंय. वाळू सगळी काढली. गुंड्या दगडावर पसरलाय तोंड उघडं ठेवून, हे नॉर्मल ना?

शेपूटवाला
एकदम नॉर्मल, पुरेसं तापलं की असं तोंड उघडतात. फक्त थंड बाजूला जायला वाट मोकळी आहे ना बघा, आणि थंड बाजूला जाऊनही तोंड उघडंच असेल तर मात्र दाखवा.

पालीची_मावशी
आणि टाकी धुतलीस ती स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही ना? सरड्यांच्या शीमध्ये साल्मोनेला असू शकतो, वेगळी बादली ठेव, आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच.